भलत्याच खात्यात पडलेले औषध

बोटॉक्स हा शब्द आता कोल्हापुरातही कोणाला नवा राहिलेला नाही. राजारामपुरीतल्या पाट्यांवर तो दिसतो, लग्नसराईत वर्तमानपत्राच्या घडीतून पडणाऱ्या गुळगुळीत पत्रकांवर दिसतो. पडद्यावरची एखादी नटी वयाच्या मानाने फारच तुकतुकीत दिसू लागली की कट्ट्यावर बसलेला माणूसही डोळा मिचकावून सांगतो, ‘‘इंजेक्शन मारलंय.’’ कपाळावरच्या आठ्या पुसणारी, श्रीमंतांनी हौसेने टोचून घ्यायची वस्तू, एवढीच या औषधाची आपल्याकडे ओळख. शब्द आला तोच थोडे मिश्किल हसू घेऊन आला.

हे हसू वरवर पाहता निरुपद्रवी आहे. परंतु याच औषधाकडे काही माणसे आठ्या घालवण्यासाठी नव्हे, तर घास गिळता यावा म्हणून पाहत असतात. त्यांच्या वाटेत हे हसू किती आडवे येते, ते गेली काही वर्षे मी घरातच पाहतो आहे.

आधी दुखणे समजून घेऊ. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्या असतात. त्यांतली पाचवी चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत पोचवते. तिला तीन फाटे आहेत. एक कपाळाकडे जातो, दुसरा गाल, नाकपुडी आणि वरच्या जबड्याकडे, तिसरा खालच्या जबड्याकडे. म्हणून तिचे इंग्रजी नाव ट्रायजेमिनल. आपण त्रिशाखी म्हणू. ही नस मेंदूच्या देठापाशी जिथे उगम पावते, तिथे पुष्कळदा एखादी रक्तवाहिनी तिला चिकटून असते. धमनीचा ठोका वर्षानुवर्षे त्याच जागी बसत राहतो आणि नसेवरचे आवरण झिजते. विजेच्या वायरचे रबर घासून गेले की ठिणगी उडते, तसेच काहीसे मग होते. गालाला साधा वारा लागला तरी मेंदूला निरोप जातो तो वीज कोसळल्याचा. कळ काही सेकंदांची, फार तर दोनेक मिनिटांची, आणि बहुधा चेहऱ्याच्या एकाच बाजूला. मात्र दिवसातून पाच वेळा येईल की पन्नास वेळा, याचा भरवसा नाही. दात घासणे, दाढी करणे, चूळ भरणे, बोलणे, हसणे, यांतले काहीही तिला बोलावून आणते. पन्नाशीनंतर हा आजार अधिक दिसतो आणि पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो.

दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेत डोक्याचे अकरा रोग सांगितले आहेत, त्यांतल्या अनंतवाताशी वैद्यमंडळी याचे नाते जोडतात. फ्रान्समध्ये निकोलस आंद्रे याने १७५६ साली याचे वर्णन केले, तर १७७३ साली जॉन फॉदरगिल या डॉक्टरने लंडनच्या वैद्यकसभेपुढे आपले रुग्ण मांडले. आपल्या राज्यात हे नाव सर्वसामान्यांच्या कानावर आले ते मात्र सलमान खानमुळे. २०११ साली त्याने अमेरिकेत या दुखण्यासाठी शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०१७ मध्ये दुबईतल्या एका कार्यक्रमात तो त्याबद्दल उघडपणे बोलला. माणसाला जीव द्यावासा वाटावा असे हे दुखणे आहे, हे त्याने सांगितल्यावर लोकांना पटले. अंगापिंडाने दणकट माणूस म्हणतो म्हटल्यावर खरे असणार! हेच शिवाजी पेठेतली एखादी बाई सांगते तेव्हा तिला विचारले जाते, ‘‘दाढ दाखवलीस का?’’

ही शिवाजी पेठेतली बाई म्हणजे माझी थोरली वहिनी. आमची आई लवकर गेल्याने आमच्या घरात तिचा शब्द आईच्याच जागी. २०१८ च्या पावसाळ्यात तिला डाव्या गालात पहिली कळ आली. तिने तिचे वर्णन केले ते असे, ‘‘भावजी, दुखतंय म्हणू नगा. दुखणं निराळं. ह्ये आत कुणीतरी तार वढल्यागत हुतंय.’’ हे वर्णन, मला नंतर कळले, जवळजवळ पाठ्यपुस्तकातले आहे. पण त्या वेळी ते कोणी तसे ऐकले नाही. पहिली दाढ काढली. कळ तशीच. मग शेजारची काढली, मग तिसरी. दोन वेगवेगळ्या ठिकाणी हे झाले आणि दोन्ही ठिकाणची माणसे सज्जन होती. कळ दाढेतच येते आहे असे रुग्ण स्वतः शपथेवर सांगत असताना दंतवैद्याने तरी काय करावे? जगभरात या रुग्णांचे चांगले दात असेच गेलेले आहेत. तरी एक गोष्ट लिहून ठेवतो. दाढ काढूनही कळ त्याच जागी आणि त्याच तऱ्हेने येत असेल, तर दुसऱ्या दाढेला हात लावण्याआधी मेंदू व मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवावे. पुढे वहिनीला योग्य डॉक्टरांकडे पाठवले तेही एका तरुण दंतवैद्य मुलीनेच. तिने पक्कड बाजूला ठेवली, वहिनीचे दहा मिनिटे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘हे दाताचं नाही, आजी.’’

या आजारातली खरी क्रूरता अशी की तो दिसत नाही. ताप नाही, सूज नाही, पुरळ नाही. दोन कळांच्या मधल्या वेळात माणूस ठणठणीत दिसतो. २०१९ साली माझ्या मुलीचे लग्न झाले. त्यात वहिनीने नथ घातली नाही. डाव्या नाकपुडीला बोट लागले तरी कळ सुटत होती, नथीचे वजन कुठले सोसणार? हळदीला गालाला हळद लावू दिली नाही, तोंड फिरवले. बायकांत कुजबुज झाली. आहेरावरून काहीतरी बिनसले असणार, असा तर्क निघाला आणि तो थेट व्याह्यांपर्यंत गेला. जेवणाच्या पंगतीला ती बसली नाही, त्याचाही अर्थ लावला गेला. खरे कारण एवढेच होते की चावणे शक्य नव्हते आणि चारचौघांत कळ आली तर तोंड वेडेवाकडे होईल याची तिला लाज वाटत होती. रंकाळ्यावरची संध्याकाळची फेरी तिने आधीच सोडली होती. तिथला वारा, जो खायला सारे गाव जाते, तो तिच्या गालाला लागत होता.

निदान झाल्यावर गोळी मिळाली ती कार्बामाझेपिनची. स्वित्झर्लंडमधल्या गायगी कंपनीतल्या वाल्टर शिंडलर या रसायनशास्त्रज्ञाने हे औषध १९५३ साली तयार केले. स्वीडनमधील ब्लोम या डॉक्टरने १९६२ मध्ये ते या कळेवर चालते असे दाखवून दिले. आजही पहिला मान याच गोळीचा आहे आणि तो रास्त आहे. स्वस्त आहे, गावोगावी मिळते आणि बऱ्याच जणांची कळ काही दिवसांत आटोक्यात आणते. (सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ उठले तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचे, ही सूचना विसरू नये.) पण औषधाच्या दुकानातल्या पोराने चिठ्ठी पाहून विचारले, ‘‘फिट कुणाला येते?’’ कारण ही गोळी अपस्माराची म्हणूनच प्रसिद्ध. वहिनी दोन दिवस गोळीला शिवेना. ‘‘मला काय फेफरं येतंय का?’’ आजार एक आणि औषध दुसऱ्याच खात्यावरचे, हा घोळ आमच्याकडे इथूनच सुरू झाला.

दोन-अडीच वर्षे गोळीने सांभाळले. नंतर मात्रा वाढवत न्यावी लागली आणि गोळीचे दुसरे रूप दिसू लागले. झोप, भोवळ, चालताना झोक जाणे. शेवटी रक्तातले सोडियम इतके उतरले की रुग्णालयात ठेवावे लागले. शस्त्रक्रियेचा रस्ता होता. अमेरिकेत पिट्सबर्गच्या पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तो रूढ केला. कानामागून कवटीला लहानसे भोक पाडायचे आणि त्या नसेला चिकटलेली रक्तवाहिनी हळूच बाजूला करून मध्ये टेफ्लॉनची गादी सारायची. ज्यांना ही शस्त्रक्रिया मानवते त्यांना वर्षानुवर्षे आराम मिळतो. म्हणूनच जो रुग्ण तिला योग्य आहे, त्याने भीतीपोटी ती टाळू नये, असे माझे मत आहे. वहिनीचे हृदय मात्र भूल सोसण्याजोगे नव्हते. गालातून सुई घालून नसेचे मूळच बधिर करण्याचे उपाय असतात, त्यांची तिने धास्ती घेतली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, ‘‘बोट्युलिनम देऊन बघूया.’’ मला ते नाव ओळखीचे वाटले नाही. माझ्या मुलीला वाटले. ‘‘म्हणजे बोटॉक्स?’’ ती म्हणाली, आणि त्या गंभीर खोलीत आम्ही सगळे हसलो. वहिनी सोडून.

या औषधाची जन्मकथा एखाद्या कादंबरीकाराला मोह पडावा अशी आहे. मूळचे ते विषच; माणसाला ठाऊक असलेल्या विषांतले सर्वांत जहाल. जर्मनीतल्या व्युर्टेंबर्ग प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बिघडलेले मांसाचे सॉसेज खाऊन माणसे लुळी पडून मरत. तिथल्या युस्टिनुस केर्नर या सरकारी वैद्याने त्याचा पाठपुरावा केला आणि ते विष थोडे स्वतःवरही आजमावले. हा केर्नर नावाजलेला कवीही होता. अतिशय थोड्या मात्रेत दिले तर हेच विष नसांची फाजील खळबळ शांत करील, असा अंदाज त्याने १८२२ च्या सुमारास लिहून ठेवला. पुढे १८९५ साली बेल्जियममधल्या एलझेल गावी एका अंत्ययात्रेत वाजवून झाल्यावर बँडवाल्यांनी डुकराचे खारवलेले मांस खाल्ले. चौतीस जण आजारी पडले, तिघे दगावले. त्या मांसातून एमिल व्हान एर्मेंगेम या शास्त्रज्ञाने विषाचा जंतू वेगळा काढला. लॅटिनमध्ये सॉसेजला बोट्युलस म्हणतात, त्यावरून हे नाव. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करी प्रयोगशाळेत हेच विष अस्त्र म्हणून तपासले जात होते. त्या कामातूनच ते शुद्ध करण्याची रीत हाती आली, हा आणखी एक उलटा प्रकार.

सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अॅलन स्कॉट यांनी १९७० च्या दशकात त्याचा अतिसूक्ष्म डोस तिरळ्या डोळ्यांसाठी वापरायला घेतला. अमेरिकी सरकारने १९८९ साली परवानगी दिली ती तिरळेपणासाठी आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारासाठी. सुरकुत्यांचा तेव्हा पत्ताही नव्हता! कॅनडातल्या व्हँकुव्हरला जीन कॅरदर्स या डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. पापण्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्यांच्या भुवयांमधल्या आठ्या जातात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांचे पती अॅलिस्टर त्वचेचे डॉक्टर. दोघांनी १९९२ मध्ये त्यावर निबंध लिहिला. अमेरिकेत सौंदर्यासाठी परवानगी मिळाली ती २००२ साली, म्हणजे उपचार म्हणून मान्यता मिळाल्यानंतर तेरा वर्षांनी. जुनाट अर्धशिशीसाठी ती २०१० मध्ये मिळाली. तेव्हा सौंदर्याचे औषध दुखण्यासाठी ‘वापरतात’ असे नव्हे. दुखण्याचे औषध सौंदर्याने पळवले. जाहिरातीचा पैसा जिकडे, नावही तिकडेच गेले.

चेहऱ्याच्या कळेवर त्याचा उपयोग होतो, हे या शतकाच्या सुरुवातीला दिसू लागले. काही रुग्णांचा अर्धा चेहरा फडफडतो आणि त्यासोबत कळाही येतात. फडफड थांबावी म्हणून दिलेल्या इंजेक्शनाने त्यांची कळही कमी झाली. हे विष नसेच्या टोकाशी बसते आणि तिथून सुटणारे रासायनिक निरोप अडवते. स्नायूकडे जाणारा निरोप अडला की स्नायू सैल पडतो. वेदनेचे निरोप वाहणारी द्रव्येही त्याच रीतीने अडत असावीत, असे प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून मानले जाते. २०१२ साली चीनमधून एक चाचणी प्रसिद्ध झाली. बेचाळीस रुग्ण, बावीस जणांना औषध, वीस जणांना नुसते मिठाचे पाणी, आणि कोणाला काय मिळाले ते रुग्णांना किंवा तपासणाऱ्यांना ठाऊक नाही. बारा आठवड्यांनी पाहिले तेव्हा औषधवाल्यांपैकी ६८ टक्क्यांची वेदना निम्म्याने वा त्याहून अधिक उतरली होती, पाणीवाल्यांत १५ टक्क्यांची. हा फरक काही थोडाथोडका नाही. पण बेचाळीस म्हणजे आमच्या शाखेतले एका सकाळचे टोकन. युरोपातल्या मज्जातज्ज्ञांच्या अकादमीने २०१९ मध्ये या औषधाची शिफारस केली तीही हातचे राखूनच, आणि अमेरिकी सरकारने या दुखण्यासाठी त्याला अजून मान्यता दिलेली नाही. हे जादूचे औषध नव्हे. गोळी सोसत नाही आणि शस्त्रक्रिया होत नाही, त्यांच्यासाठी असलेली एक वाट, इतकेच मी म्हणेन.

वहिनीला ते २०२३ च्या उन्हाळ्यात दिले. गालाच्या कातडीत, जिथे जिथे कळ उठते तिथे, अगदी बारीक सुईने वीसेक टोचण्या. खुर्चीत बसल्या बसल्या वीस मिनिटांत काम झाले. आठवड्याने फरक कळू लागला. डाव्या ओठाचा कोपरा महिनाभर थोडा उतरला होता, चहा त्या बाजूने सांडायचा. हे होऊ शकते, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. तिसऱ्या आठवड्यात तिने भाकरी खाल्ली. कुस्करून नव्हे, तोडून, चावून, झुणक्याबरोबर. कळ पूर्ण गेली नाही. दिवसातून चाळीस वेळा यायची ती दोन-चारदा येऊ लागली, आणि गोळी निम्मी झाली. असर तीनेक महिने राहिला, मग पुन्हा टोचावे लागले. हे असेच चालते.

आणि गावात काय झाले? शेजारणीने विचारले, ‘‘या वयात तोंडाला इंजेक्शनं? कशासाठी म्हणते मी!’’ वहिनीने मग दवाखान्याला जाताना ‘डोळ्याला जाते’ असे सांगायला सुरुवात केली. सत्तरीतल्या, कधी पावडर न लावलेल्या बाईला आपल्या औषधाचे नाव लपवावे लागले.

त्याहून वाईट पत्र विमा कंपनीचे आले. तिचे नाव घेत नाही. दुसऱ्या कंपनीने वेगळे लिहिले असते असा माझा भ्रम नाही. दावा नामंजूर, कारण: सौंदर्योपचार. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी होती, एमआरआय होता, सोडियम उतरल्याचा रुग्णालयाचा कागद होता. टेबलामागच्या माणसाने औषधाचे नाव वाचले आणि शिक्का मारला. दुसऱ्यांदा लिहिले तेव्हा कारण बदलले: चोवीस तास रुग्णालयात दाखल नव्हते. म्हणजे गोळीने सोडियम उतरून ती चार दिवस खाटेवर होती, तो मोठा खर्च कंपनीला चालला. तो टाळणारे वीस मिनिटांचे काम चालले नाही.

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली, तेव्हा शिक्का मारणाऱ्याची बाजू मला कळत नाही असे नाही. पण आमच्याकडे एक रकाना असे, हेतूचा. गडहिंग्लजच्या शाखेत असताना सोनेतारणाला रोज रांग लागायची. पाटल्या त्याच, वजन तेच, कस तोच. पण कर्ज उसाच्या लावणीसाठी असेल तर एका खात्यात आणि घरखर्चासाठी असेल तर दुसऱ्या, व्याजही निराळे. सोने काय आहे यावरून खाते ठरत नसे, ते कशासाठी ठेवले यावरून ठरे. त्यात खोटे सांगणारे असत, म्हणून सातबारा मागायचो, पेरणी पाहायला जायचो. पण उद्या कोणी म्हटले असते की दागिना म्हणजे हौस, सबब शेतकऱ्याला कर्ज नाही, तर मॅनेजरने त्याला वेड्यात काढले असते. औषधाच्या बाबतीत हा साधा रकाना आपण का ठेवू नये? सरकारी योजना असो वा खासगी विमा, मंजुरी औषधाच्या नावावर न ठरता निदानावर ठरावी. मज्जातज्ज्ञाची चिठ्ठी, आधी कोणत्या गोळ्या झाल्या, त्या का सोसल्या नाहीत, शस्त्रक्रिया का होत नाही, हे चार कागद मागा. अवश्य मागा, कडक तपासा. आणि ते असतील तर पैसे द्या. चोवीस तासांची अटही जुन्या काळची आहे. मोतीबिंदूला आज कोण रात्रभर राहते? तरी त्याचे पैसे मिळतात.

खर्च लहान नाही म्हणूनच हे म्हणायचे. कुपी महाग, फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांत ठेवावी लागते, पाण्यात कालवल्यावर चोवीस तासांच्या आत वापरावी लागते. गगनबावड्याच्या किंवा चंदगडच्या शेतकऱ्याने दर तीन महिन्यांनी हे करावे, असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे? त्याचे तोंड तर उघडतही नाही.

एक इशारा मात्र देतो, कारण हा लेख वाचून कोणी पत्रकावरचा नंबर फिरवील. आठ्या घालवणाऱ्या दुकानात हे काम करून घेऊ नका. जागा वेगळ्या, मात्रा वेगळी. आणि त्याआधी एमआरआय करून कळेमागे दुसरे काही, एखादी गाठ वगैरे, नाही याची खात्री झालीच पाहिजे. चेहऱ्याची प्रत्येक कळ ही हीच असते असेही नाही.

विमा कंपनीला मी तिसरे पत्र लिहिले आहे. त्यात सोनेतारणाचा दाखला घातला नाही, तो फक्त तुमच्यासाठी. वहिनीची पुढची तारीख येत्या महिन्यात आहे. शेजारणीला तिने परवा दारात उभे राहून औषधाचे पूर्ण नाव सांगितले, आजाराचेही. शेजारीण थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘‘आमच्या सांगलीच्या नणंदेला असंच होतं. तिच्या पाच दाढा काढल्यात.’’